आकडा मोठा सांगितला की लोक सुधारतात?

जनजागृतीचं कुठलंही पोस्टर बघा, त्यात एक मोठा आकडा असतोच. इतके लाख लोक सिग्नल तोडतात, इतके टक्के लोक तपासणी करून घेत नाहीत, दरवर्षी इतके टन प्लास्टिक नदीत जातं वगैरे. पोस्टर बनवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, प्रश्न केवढा मोठा आहे हे कळलं की लोक हादरतील आणि सुधारतील असं त्याला वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण हा आकडा कधीकधी बरोब्बर उलटं काम करतो आणि ते चक्क मोजून दाखवलेलं आहे.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे. २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडलीयेत, आणि येणारे पर्यटक त्यांचे छोटे तुकडे खिशात घालून नेतात. म्हणून पार्कने पाटी लावली होती, की तुमच्या वारशाची रोज नासधूस होतेय, वर्षाला १४ टन दगडी लाकूड चोरीला जातंय, तेही बहुतेक एकेक छोटा तुकडा करून. रॉबर्ट चाल्डिनी हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाट्यांचीच परीक्षा घ्यायची ठरवली. पायवाटेवर गुपचूप खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून बदलून बघितलं किती गायब होतात. ‘आधी आलेल्या बऱ्याच लोकांनी इथलं लाकूड नेलंय’ अशा अर्थाची पाटी असताना ७.९२ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढंच लिहिलं तेव्हा १.६७ टक्के. पावणेपाच पट फरक, तोही फक्त शब्दांमुळे!

का होतं असं? कसं वागायचं हे ठरवताना आपण नकळत दोन गोष्टी बघतो, लोक काय करतात आणि लोकांना काय मान्य आहे. ह्या दोन वेगळ्या खुणा आहेत आणि बहुतेक वेळा त्या एकाच दिशेने जातात म्हणून आपल्याला वेगळ्या जाणवत नाहीत. पण ‘एवढे लोक चोरी करतात, किती वाईट’ ह्या एकाच वाक्यात त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. वाक्याचा वरचा अर्थ ‘हे चुकीचं आहे’, आणि खालून हळूच पोहोचणारा अर्थ ‘हे सगळेच करतात’. अनोळखी जागी, पटकन ठरवायचं असेल तर खालचा अर्थ भारी पडू शकतो. त्यात १४ टनांपुढे माझा एक तुकडा म्हणजे काहीच नाही, हेही त्याच आकड्याने शिकवलं.

दुसरा प्रयोग मला याहून जास्त आवडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे २९० घरांना कळवलं, की तुमची वीज एवढी आणि शेजारच्यांची सरासरी एवढी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, छानच. पण कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला, दिवसाला सरासरी ०.८९ युनिट! आता इथे शंका यायला हवी, कारण कुठलंही टोकाचं मोजमाप पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकतं, ज्यांचा वापर त्या आठवड्यात योगायोगाने कमी होता त्यांचा नंतर वाढणारच, चिठ्ठी दिली काय न दिली काय. म्हणून प्रयोगातली खरी हुशारी पुढे आहे. कमी वापरणाऱ्यांपैकीच निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं, त्याच कागदावर एक हसरा चेहरा काढून दिला. सरासरीकडे सरकणं दोन्ही गटांत सारखंच असणार ना, पण हसरा चेहरा मिळालेल्यांमध्ये ती वाढ जवळपास दिसलीच नाही. म्हणजे बाकीच्यांची वाढ नुसता योगायोग नव्हती. ‘लोक काय करतात’ याने वापर सरासरीकडे ओढला होता आणि ‘लोकांना काय आवडतं’ याने सावरलं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं, मी अजूनही ते कुणालाही उत्साहाने सांगत असतो.

मोठ्या मोहिमांचं मोजमाप इतकं स्वच्छ नसतं. अमेरिकन सरकारने १९९८ ते २००४ मध्ये जवळपास १०० कोटी डॉलर खर्चून तरुण मुलांसाठी ड्रग्सविरोधी जाहिराती केल्या. त्या मुलांपर्यंत पोहोचल्या, त्यांना आठवतही होत्या, तरी गांजाचा वापर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट काही बाबतीत परिणाम वाईट दिशेला दिसला. जाहिराती इतक्या दिसतात म्हणजे बहुतेक मुलं हे करत असणार असं मुलांना वाटलं असावं, हे संशोधकांनी दिलेलं एक स्पष्टीकरण. तेव्हा एखादी मोहीम ‘लाखो लोकांपर्यंत पोहोचली’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर ते फक्त पोहोचणं आहे, परिणाम नाही.

आणि जाहिराती थेट मेंदूचा ताबा घेतात असल्या दाव्यांवरही विश्वास ठेवू नका. १९५७ साली जेम्स विकारी नावाच्या मार्केट रिसर्चवाल्याने थिएटरच्या पडद्यावर क्षणभर छुपे संदेश दाखवून पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचं सांगितलं, पुढे १९६२ मध्ये आपल्याकडे पुरेसा डेटाच नव्हता असं त्यानेच कबूल केलं, तरी ती गोष्ट अजून फिरतेय.

मग पोस्टरवर लिहायचं काय? येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीसाठी एक प्रयोग झाला होता, १९६५ साली प्रसिद्ध झालेला. काही विद्यार्थ्यांना रोगाची भयंकर माहिती दिली, काहींना सौम्य. घाबरलेल्यांनी लस घ्यायला हवी असं जास्त ठामपणे सांगितलं, पण प्रत्यक्ष घेण्यात भीतीने फरक पडला नाही. फरक पडला तो आरोग्य केंद्राला गोल केलेल्या नकाशाने आणि ‘आठवड्यात कधी जाशील ते बघ’ ह्या सूचनेने. ते मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जाऊन लस घेऊन आले, बाकीच्यांपैकी सुमारे ३ टक्के. आणि ती इमारत कुठे आहे हे त्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधीपासून माहीत होतं.