काचधाग्याचे सनस्क्रीन कापड

काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या धाग्यावर पीव्हीसीचे आवरण चढवून विणलेले जाळीदार कापड. ऊन व चकाकी अडवायची, पण बाहेरचे दृश्य झाकायचे नाही, अशा रोलर ब्लाइंडसाठी, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्यासाठी, ते वापरतात. हाताला ते जाडसर प्लॅस्टिकच्या चटईसारखे लागते आणि नवख्या कारागिराला वाटते की हेही इतर कापडांसारखेच असेल. तसे ते नाही. हे कापड ताणत नाही आणि घडी सोसत नाही. ते ठेवायचे कसे, कापायचे कसे, जोडायचे कसे, याचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

धागा आणि वीण. यासाठी वापरतात ती ई-काच मुळात विजेच्या निरोधनासाठी केलेली. नावातले ‘ई’ तिथलेच. वितळलेल्या काचेतून ओढलेला एकेक तंतू साधारण ६ ते ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा असतो. असे शेकडो तंतू मिळून एक धागा होतो. तो पातळ पीव्हीसीच्या लगद्यातून व मापाच्या छिद्रातून ओढून भट्टीत पक्का करतात. मग ताणा-बाणा विणला जातो आणि तयार कापड पुन्हा उष्णता देऊन काढतात. त्यामुळे धागे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे आवरणे एकमेकांना चिकटतात, जाळीची भोके सरकत नाहीत आणि दशा सहज सुटत नाहीत. वजनाने पाहिले तर कापडात काच साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश असते, बाकी पीव्हीसी. नेहमीच्या कापडाचे वजन चौरस मीटरला ४०० ते ५५० ग्रॅमच्या आसपास भरते.

कापडाच्या क्षेत्रफळात मोकळ्या भोकांचा वाटा किती, हे ‘ओपननेस’ने सांगतात, १, ३, ५ आणि १० टक्के ही नेहमीची मापे. रंगाबाबत मात्र हमखास गोंधळ होतो. फिके कापड ऊन अधिक परतवते, पण स्वतःच उजळून निघते आणि बाहेरचे दृश्य धुरकट दिसते. गडद कापड उष्णता जास्त शोषते, तरी त्यातून बाहेरचे स्वच्छ दिसते व चकाकी कमी होते. केवळ ओपननेसचा आकडा पाहून कापड निवडणे म्हणजे अर्धीच माहिती घेणे.

घडी का चालत नाही. काचेचा तंतू ओढताना चिवट असतो. तुटण्याआधी तो जेमतेम पाचेक टक्के लांबतो. ९ मायक्रॉनचा सुटा तंतू एक दशांश मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकू शकतो, असे ढोबळ हिशोब सांगतो. पण पीव्हीसीत जखडलेले तंतू एकमेकांवरून मोकळे घसरत नाहीत. अख्खा धागा एकजीव कांडीसारखा वागला, तर सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीसाठी हीच मर्यादा ३ मिलिमीटरच्या घरात जाते. ४० मिलिमीटर व्यासाची नळी त्याच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून गुंडाळणे सुरक्षित. दाबून घातलेल्या घडीत मात्र त्रिज्या उरतच नाही. आतले तंतू तुटतात, वरचे पीव्हीसी तेवढे शाबूत राहते. ती फिकी रेघ इस्त्रीने जात नाही, कारण ती सुरकुती नसते. तो मोड असतो. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात काच व रेशीम एकत्र विणून केलेला झगा मांडला होता. त्याचीही अडचण हीच होती: घडी घातली की कापड फाटे.

कार्यशाळेतली सर्वात सामान्य चूक फार साधी असते. कापलेला मोठा तुकडा एकटा माणूस दोन कोपरे धरून उचलतो. मधला भाग खाली लोंबतो आणि एका जागी चिमटा बसतो. टेबलावर काही दिसत नाही. पडदा खिडकीत लागला आणि मागून उजेड आला की ती रेघ लख्ख उमटते. म्हणून मोठा तुकडा दोघांनी उचलावा, किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर सैलसर गुंडाळूनच हलवावा.

तागे ठेवणे. तागा आडवा ठेवतात, शक्यतो आतल्या नळीची दोन टोके टेकवून अधांतरी. उभा केला तर खालची कड चेपते. एकावर एक रचले तर खालच्या ताग्यावर चपट्या पट्ट्या उमटतात आणि उलगडताना त्या ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा दिसत राहतात. थंडीत पीव्हीसी कडक होते, म्हणून गोदामातला तागा कापण्याआधी कामाच्या खोलीत ठेवून तिथल्या तापमानाला येऊ द्यावा.

कापणी. सपाट टेबल, त्यावर धूळ-कचरा नाही, आणि जमल्यास खालून उजेड: गाठी, जाड धागे व डाग याच वेळी हेरायचे. दाबून कापणारे चाक, धारदार गोल पाते किंवा अल्ट्रासॉनिक कटर ही नेहमीची साधने. अल्ट्रासॉनिक कटर कापता कापता कडेचे पीव्हीसी वितळवून बंद करतो. पॉलिस्टरसाठी चालणारी तापलेली सुरी इथे उपयोगाची नाही. काच मऊ पडायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. त्याच्या किती तरी आधी पीव्हीसी करपते. काच पात्यालाही खाते, म्हणून धार बोथट होण्याची वाट न पाहता पाते बदलावे. बोथट पाते धागा कापत नाही, ओढते.

धाग्याच्या रेषेवर आंधळा विश्वास ठेवू नये. बाणा कधी किंचित कमानदार, कधी तिरका असतो. तुकडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे दोन्ही कर्ण मोजूनच ठरते. पॉलिस्टरचे कापड थोडेफार ताणून चूक पोटात घालते, काचेचे घालत नाही. समजा पडदा २ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे आणि नळीला चिकटवताना एक टोक २ मिलिमीटर खाली गेले. पूर्ण गुंडाळेपर्यंत त्याची कड ३ मिलिमीटर बाजूला सरकलेली असते. नळी धरणारा कंस (ब्रॅकेट) जवळ असेल तर तेवढे घासायला पुरते.

कापड नळीवर दुहेरी चिकटपट्टीने लावतात, किंवा कडेला प्लॅस्टिकची पट्टी जोडून ती नळीच्या खाचेत सरकवतात. कंस पातळीत आहेत हे पाहूनही कड सरकत राहिली, तर कापड ज्या बाजूला पळते त्याच्या विरुद्ध टोकाला नळीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात. कापड जाड झालेल्या बाजूकडे ओढले जाते. उपाय गावठी वाटतो, पण पट्टा फिरवणाऱ्या यंत्रातला फुगीर पुलीही याच तत्त्वावर चालतो.

जोड आणि तळाचा खिसा. पीव्हीसी उष्णतेने किंवा उच्च वारंवारितेच्या लहरींनी जुळते, त्यामुळे तळपट्टीचा, म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेत बसणाऱ्या पट्टीचा, खिसा वेल्डिंग करून बनवता येतो. दुमड कधीही हाताने दाबून चपटी करू नये; आत पट्टी बसेल इतका गोलावा राहायला हवा. शिवण शक्यतो टाळावी, कारण सुई प्रत्येक टाक्याला काही तंतू तोडते. ताग्यापेक्षा रुंद खिडकीसाठी कापड आडवे वापरतात. उंचीही पुरली नाही तर आडवा वेल्ड देतात. गुंडाळताना तिथे जाडी दुप्पट होते, म्हणून जोड डोळ्यांच्या पातळीवर येणार नाही, अशी जागा आधीच ठरवावी.

नळीचा झोळ. बारीक नळी ही खरी शत्रू. एकसारख्या भाराखाली नळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. रुंदी दुप्पट केली तर तो सोळापट. नळी मध्यभागी खाली आली की न ताणणाऱ्या कापडावर व्ही आकाराच्या लाटा पडतात. त्याचा दोष कापडाला दिला जातो आणि तागा बदलूनही त्या लाटा तशाच राहतात. बदलायची असते ती नळी.

अंगाला खाज. कापलेल्या कडेतून निघणारे तुकडे त्वचेला टोचतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. धूळ हवेच्या झोताने उडवू नये, व्हॅक्यूमने ओढावी. हे तंतू फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक नसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अखंड काचतंतूंना गट ३ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग होतो असे वर्गीकरण करता न येणाऱ्या पदार्थांत, ठेवले आहे. तयार पडद्याच्या कडेवरून उघडा हात ओढला तर मात्र खाज ठरलेलीच.

लागलेला पडदा मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसतात. पीव्हीसी बिघडवणारे द्रावक आणि घासणी वर्ज्य. काच पाणी पित नाही, पण भोकांत ओल अडकते. पुसल्यावर पडदा पूर्ण सुकेपर्यंत खाली सोडलेलाच ठेवावा.