पेशी वाढल्या की जंतू?

‘तुमच्या दुधात काउंट जास्त येतोय,’ असं संकलन केंद्रावरून कळलं तर आधी विचारा, कुठला काउंट? दुधात दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, गाईच्या पेशी (सोमॅटिक सेल) आणि जंतू, आणि गोठ्यावर त्यांची सर्रास गल्लत होते. मग गाईला सुप्त दगडी (छुपा कासदाह, म्हणजे कासेची सूज) असताना मालक कॅन घासत बसतो, नाहीतर कॅन कळकट असताना गाईला इंजेक्शन टोचलं जातं.

सोमॅटिक सेल म्हणजे गाईच्याच पेशी, कासदाहात बहुतांश पांढऱ्या रक्तपेशी. सडातून जंतू आत शिरले की त्यांच्याशी झुंजायला त्या कासेत उतरतात. निरोगी कासेच्या दुधात त्या मिलिलिटरला साधारण १ लाखाच्या आत असतात. एखाद्या गाईचा आकडा २ लाखांवर गेला की छुपा कासदाह धरून चालायचं, मग कास कितीही मऊ लागो, दूध कितीही पांढरंशुभ्र दिसो. आणि या पेशी कॅनमध्ये वाढत नाहीत; दूध गार केल्याने हा आकडा खाली येत नाही.

जंतू बहुधा बाहेरून येतात: शेणाने माखलेले सड, मशीनच्या रबरी नळ्या, ओली राहिलेली किटली. कोमट दुधात ते झपाट्याने दुप्पट होतात, चार अंशांवर मंदावतात. डेअरीत दुधात घातलेल्या मिथिलीन ब्लू या निळ्या द्रव्याचा रंग किती लवकर उडतो यावरून त्यांचा अंदाज घेतात. त्यावरून कासदाह ठरवता येत नाही. युरोपीय संघानेही कच्च्या गाय-दुधासाठी दोन्ही मर्यादा वेगळ्या ठेवल्यात: मिलिलिटरला पेशी ४ लाख, जंतू १ लाख.

पेशींसाठी गोठ्यातच करण्याजोगी चाचणी म्हणजे सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट). पहिल्या धारा सोडून चार वाट्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्या, तितकंच चाचणीचं द्रावण घालून फिरवा. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो, आतला डीएनए मोकळा होतो आणि दूध जेलीसारखं दाटतं. नेमका कुठला सड, हे काही सेकंदांत समोर. एकत्र कॅनच्या आकड्यावरून ते कधीच कळणार नाही. ताज्या व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गाईचं दूध मात्र फसवतं. तिथे पेशी एरवीही जास्तच असतात.

एक अपवाद: स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टीसारखे जंतू कासेतूनच इतके बाहेर पडतात की दोन्ही आकडे चढू शकतात. तसं दिसलं तर भांडी धुवाच, पण सीएमटीही करा आणि औषधाआधी त्या सडाचा नमुना प्रयोगशाळेत द्या.