प्राचीन ग्रीसमधील खासगी धर्मसंघ: जमीन, वर्गणी आणि नगरराज्याची परवानगी

इ.स.पू. ३३३मध्ये सायप्रसमधील कितिऑन शहराच्या व्यापाऱ्यांनी अथेन्सच्या नागरिकसभेकडे अर्ज केला की, आपल्या अफ्रोदिती देवीचे मंदिर उभारण्यासाठी जमीन खरेदी करण्याची मुभा आम्हाला मिळावी. लिकुर्गस या वजनदार मुत्सद्द्याने ठराव मांडला, इजिप्शियन लोकांना इसिस देवीच्या मंदिरासाठी यापूर्वी अशीच परवानगी दिल्याचा दाखला त्यात जोडला आणि सभेने तो संमत केला. अथेन्सच्या पिरेयस बंदरात सापडलेल्या शिलालेखामुळे हा सारा व्यवहार आज वाचता येतो. त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, व्यापाऱ्यांनी पूजेची परवानगी मागितलेली नाही, जमिनीची मागितली आहे. अथेन्समध्ये स्थावर मालमत्तेचा हक्क नागरिकांपुरता राखीव होता, त्यामुळे परक्यांचा देव कोणाच्या घरात पुजला जातो याची नगरराज्याने एरवी फारशी चौकशी केली नाही, तरी त्याला स्वतःचे देऊळ हवे झाले की प्रकरण सभेपुढे येणे अटळ होते. अशा संघांचा इतिहास श्रद्धेच्या अंगाने सांगितला जातो, पण तो समजून घ्यायचा तर जमीन, पैसा आणि परवानगी यांच्याकडे आधी पाहावे लागते.

खासगी संघांची परंपरा त्या अर्जाहून बरीच जुनी आहे. रोमन कायदेपंडित गायस याने सोलोनच्या नावावर असलेला एक कायदा उद्धृत केला आहे. त्यानुसार वीरपुरुषांची पूजा करणारे ऑर्गेओनेस म्हणजे पूजकसंघाचे लोक, थियासोस या भक्तमंडळांचे सदस्य, एकत्र भोजन करणारे आणि एकत्र दफनाची सोय करणारे लोक आपापसांत जे ठरवतील ते, राज्याच्या कायद्याविरुद्ध नसेल तोवर, बंधनकारक मानले जाई. ‘खासगी’ हा शब्द इथे जपूनच वापरावा लागतो, कारण हे संघ आपल्या कारभारात नगरराज्याचीच नक्कल करत: सभा भरवून ठराव करत, पुजारी आणि खजिनदार नेमत, चांगले काम करणाऱ्याला पर्णमुकुट देऊन गौरवत आणि ते सगळे दगडावर कोरून ठेवत.

त्यांच्या रोजच्या व्यवहाराचे बारकाईचे चित्र इ.स.पू. ३०६-०५च्या एका भाडेकरारात मिळते. एग्रेतेस नावाच्या वीराचे ऑर्गेओनेस आपले पूजास्थान दिओग्नेतोस नावाच्या माणसाला दहा वर्षांसाठी, वर्षाला २०० द्राख्मा भाड्याने देतात. भाडे दोन हप्त्यांत भरायचे, भिंतींना जिथे गरज असेल तिथे गिलावा करायचा, आवारातली झाडे सांभाळायची आणि एखादे वठले तर त्याच्या जागी दुसरे लावायचे, असे त्यात ठरले आहे. मुदत संपल्यावर त्याने बसवलेले लाकूड, कौले आणि दारे त्याने काढून न्यावीत, मात्र भाडे थकवल्यास ती जप्त होतील. आणि वर्षातून एकदा, बोएद्रोमिओन महिन्यात, संघाचे लोक वीराला बळी अर्पण करायला येतील तेव्हा दिओग्नेतोसने घर आणि देवस्थान उघडे ठेवावे, स्वयंपाकघर मोकळे करावे आणि दोन पंगतींना पुरतील इतकी बैठकांची व मेजांची सोय करावी. म्हणजे वर्षभर जागा दुसऱ्याच्या ताब्यात आणि देवाचा हक्क उत्सवापुरता, अशी ही व्यवस्था होती. यात भक्तीची उणीव पाहण्याचे कारण नाही, देवस्थानाचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा होता.

अथेन्सचा उदारपणा मात्र सरसकट नव्हता. इ.स.पू. चौथ्या शतकात नीनोस नावाच्या पुजारिणीला मृत्युदंड झाला. फ्रीने या प्रसिद्ध गणिकेवरील खटल्यात नवा देव आणल्याचा आणि स्त्री-पुरुषांचे थियासोस जमवल्याचा आरोप होता. इ.स.पू. ३३०मध्ये देमोस्थेनेस या वक्त्याने आपला राजकीय प्रतिस्पर्धी एस्किनेस याची खिल्ली उडवताना, हा वयात आल्यावर आईला तिच्या विधींत मदत करत आणि साप हातात धरून असल्याच भक्तांच्या मिरवणुकीपुढे नाचत असे, असे सांगितले. भर न्यायालयात ही थट्टा चालली, यावरून अशा संघांकडे प्रतिष्ठित लोक कोणत्या नजरेने पाहत हे कळते.

याउलट थ्रेस प्रांतातून आलेल्या बेन्दिस देवीला राजमान्यता लाभली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका ठरावात तिचे थ्रेसियन ऑर्गेओनेस अभिमानाने नमूद करतात की, साऱ्या परकीय जमातींत फक्त आम्हालाच दोदोना या तीर्थस्थानी मिळालेल्या देववाणीनुसार जमिनीचा हक्क आणि नगराच्या अग्निकुंडापासून मिरवणूक काढण्याचा मान मिळाला. कितिऑनचा शिलालेख पाहता जमिनीबद्दलचा हा ‘फक्त’ अतिशयोक्तीचाच ठरतो. त्याच ठरावात, मिरवणूक पिरेयसला पोहोचल्यावर चालून आलेल्यांना स्पंज, घंगाळी, पाणी, पर्णमुकुट आणि न्याहारी द्यावी असेही म्हटले आहे.

पुढे देलोस बेटावर सारापिस या इजिप्शियन देवाची पूजा आली ती मेम्फिसहून आलेल्या एका इजिप्शियन पुजाऱ्याबरोबर. त्याच्या नातवाने, अपोलोनिओसने, इ.स.पू. २००च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखानुसार देव आधी भाड्याच्या खोलीत होता. मग देवाने स्वप्नात येऊन विशिष्ट जागा विकत घ्यायला सांगितले, सहा महिन्यांत देऊळ उभे राहिले, विरोधकांनी दावा लावला आणि देवाच्या कृपेने तो फसला. इ.स.पू. १६६नंतर देलोस अथेन्सच्या ताब्यातील करमुक्त बंदर झाले आणि तिथे बेरूतच्या व्यापारी, जहाजमालक व गोदामवाल्यांनी पोसेइदोन या समुद्रदेवाच्या नावाने आपला संघ स्थापून प्रशस्त वास्तू बांधली. परमुलखात ओळखीचा देव, ओळखीची भाषा आणि व्यवहाराला विश्वासू माणसे अशा संघात एकाच छपराखाली मिळत.

रोमन अमलात अथेन्समधल्या इओबाक्खोई या, दिओनिसोस ऊर्फ बाक्खस या मद्यदेवाच्या भक्तांच्या संघाची नियमावली सर्वांत तपशीलवार आहे. इ.स. १६४-६५च्या सुमाराची ही नियमावली १८९४मध्ये उत्खननात मिळाली. धनाढ्य हेरोदेस अॅटिकस पुजारी झाला त्या सभेत, आता सगळ्या बाक्खसभक्त संघांत आपणच पहिले, असा जल्लोष झाल्याचीही नोंद तिच्यात आहे. प्रवेशासाठी लेखी अर्ज, मतदान आणि ५० देनारी (रोमन चांदीची नाणी) फी, सदस्याच्या मुलाला निम्मी. त्यानंतर दरमहा मद्यासाठी वर्गणी. लग्न झाले, मूल झाले किंवा नागरिकत्व मिळाले, तर संघाला ऐपतीप्रमाणे मद्य द्यायचे. खजिनदार दोन वर्षांसाठी निवडलेला आणि दिव्याचे तेल त्याच्या पदरचे. कोणी मरण पावले तर पाच देनारींपर्यंतचा पर्णमुकुट आणि अंत्ययात्रेला येणाऱ्यांसाठी मद्याचा एक घडा, न येणाऱ्याला त्यातला थेंब नाही. बैठकीत दंगा करणाऱ्याशेजारी सुव्यवस्था पाहणारा अधिकारी देवाची काठी ठेवी, त्याने मुकाट्याने उठून जायचे, नाहीतर ‘घोडे’ म्हणवले जाणारे दांडगे सदस्य त्याला बाहेर काढत. मारहाण झालीच तर तक्रार पुजाऱ्याकडे किंवा संघप्रमुखाकडे करायची. तसे न करता थेट नगराच्या न्यायालयात गेलेल्या सदस्याला, मार खाल्लेला तोच असला तरी, मारणाऱ्याइतकीच शिक्षा होती.