चालीचे घोडे: दुडकी, रवाल आणि त्यामागचा लांबलचक इतिहास

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला एखादा व्हिडिओ आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर येतोच येतो, घोडा जोरात चाललाय, टापा वाजतायत आणि वरचा माणूस खुर्चीत बसल्यासारखा निवांत, आणि लगेच कोणीतरी लिहिणार, काय ट्रेनिंग दिलंय राव! ट्रेनिंग असतंच हो, पण अर्धी गोष्ट घोड्याच्या रक्तात असते, आणि ती बरीच जुनी आहे.

आधी पायांचं बघू. दुडकी चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग उरलेली जोडी, आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत, म्हणून तर बसणारा दर पावलाला उडतो. पेस म्हणतात त्यात उंटासारखे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे येतात, मागून बघितलं तर पुठ्ठा डावी-उजवीकडे डुलताना दिसतो. आणि रवाल चालीत चारही पाय सुटेसुटे, एकामागोमाग एक, कुठलातरी पाय कायम जमिनीवर, त्यामुळे धक्काच नाही. डांबरी रस्त्यावर नाल ठोकलेला घोडा असेल तर डोळे मिटूनसुद्धा कळतं, दुडकीत दोन ठोके, रवालमध्ये सलग चार. कोलंबियात पासो फिनो जातीच्या शोमध्ये घोडा लाकडी फळ्यांवरून नेतात आणि जज चक्क कान देऊन ठोके ऐकतात.

स्पेनच्या अस्तुरियातल्या घोड्यांची अशी एका बाजूचे पाय एकदम टाकायची चाल रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलीय. आपल्याकडे अमरकोशात घोड्याच्या पाच गती नावानिशी दिल्यात. पुढे मध्ययुगात युरोपात लांबचा प्रवास म्हणजे खोगिरावर दिवसच्या दिवस, रस्ते खड्ड्यांचे (घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको), तेव्हा मऊ चालीच्या घोड्याला भाव होता. मग रस्ते सुधारले, घोडागाड्या आल्या, आणि गाडीत बसणाऱ्याला घोड्याची पाठ मऊ आहे की नाही याच्याशी काय देणंघेणं? गाडी ओढायला दुडकीवाला दमदार घोडा बरा, त्यामुळे युरोपातून चालीचे घोडे जवळजवळ हद्दपारच झाले. मला तर वाटतं घोड्यांच्या चालीचा इतिहास हा निम्मा रस्त्यांचाच इतिहास आहे.

अमेरिकेत तेच झालं. तिथला नॅरागॅन्सेट पेसर स्वारीसाठी नावाजलेला, पण जात म्हणून संपला. त्याच देशात गाडी जोडून शर्यती लावायचं वेड लागलं, 1849 साली जन्मलेला हॅम्बलटोनियन नावाचा घोडा आजच्या स्टँडर्डब्रेड जातीचा मूळपुरुष झाला, आणि 1879 मध्ये नियम केला की अडीच मिनिटांत एक मैल जाईल तोच घोडा 'स्टँडर्ड'. आता 2022 मध्ये बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने तेच अंतर 1 मिनिट 45.8 सेकंदांत कापलंय. या शर्यतीत घोडा चौखूर उधळला तर गाडी हाकणाऱ्याला त्याला आवरून परत चालीवर आणावं लागतं, तोवर बाकीचे पुढे. फोटोग्राफर माइब्रिजचे 1878 चे फोटो आपण पळत्या घोड्याचे म्हणून ओळखतो, पण त्याच्या शेठचा म्हणजे स्टॅनफर्डचा मूळ प्रश्न दुडकीतल्या घोड्याचाच होता, चारही पाय एकदम उचलले जातात का नाही. जातात.

खरा उलगडा 2012 मध्ये झाला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या टीमने डीएमआरटी3 नावाच्या जीनमधला एक बदल शोधला. हा जीन मणक्यातल्या मज्जापेशींचा, पायांचा ताळमेळ ठेवणारा, आणि तो बिघडला की घोड्याला एका बाजूचे पाय एकत्र टाकणं जमतं. गंमत म्हणजे स्टँडर्डब्रेडमध्ये दुडकीवाले आणि पेसवाले दोघांकडेही हाच बदल, कारण त्यामुळे वेग वाढला तरी घोडा चटकन चौखूर जात नाही. नंतर 2016 मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरून दिसलं की हा बदल इंग्लंडच्या यॉर्कमध्ये इ.स. 850 ते 900 च्या काळातल्या घोड्यांत होता, आणि तिथूनच व्हायकिंग लोकांनी तो आइसलँडला नेला असावा असा संशोधकांचा अंदाज. आइसलँडचे घोडे आजही या चालीसाठी प्रसिद्ध, आणि तिथून बाहेर गेलेल्या घोड्याला परत घेत नाहीत.

आपल्याकडे गाडी जोडून पेसच्या शर्यतींचा धंदा कधी उभा राहिला नाही, महालक्ष्मीला सगळं चौखूर पळण्यावर. रवाल टिकली ती मारवाडी-काठियावाडी घोड्यांत आणि बाजारांत. सारंगखेड्यात गिऱ्हाईक दात बघून वय ठरवतं, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते तपासतं, आणि एवढं करूनही पैशाचं बोलायच्या आधी मालकाला सांगतं, जरा चालवून दाखवा.