गिरणी जमिनींचा पुनर्विकास, मुंबई

मुंबईतील बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या आवारांत घरे, कार्यालये व बाजारसंकुले उभारण्याची, १९९१ पासून स्वतंत्र नियमाखाली आलेली प्रक्रिया. यातील बहुतेक जमिनी लालबाग, परळ, चिंचपोकळी, लोअर परळ, वरळी व दादर या पट्ट्यात, म्हणजेच गिरणगावात येतात. त्यांचे एकूण क्षेत्र साधारणतः ६०० एकर धरले जाते.

पूर्वपीठिका : मुंबईतील पहिल्या गिरणीचे वर्ष कुठे १८५४, तर कुठे १८५६ दिलेले आढळते. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली ती १८५४ मध्ये. प्रत्यक्ष उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. जमिनीच्या वापराचा विचार करताना दुसरे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. गिरण्यांची संख्याही ५४ ते ५८ अशी वेगवेगळी दिली जाते. एकाच कंपनीच्या क्रमांकित गिरण्या (उदा., इंडिया युनायटेड किंवा कोहिनूर) स्वतंत्र मोजल्या की नाही, यावर हा फरक बहुधा अवलंबून असावा. त्यांपैकी २५ गिरण्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या संपाने बुडाल्या, असे अजूनही लिहिले जाते. मात्र आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण १९७४ मध्येच झाले होते. यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रसामग्री आणि कापडापेक्षा जमिनीला आलेले मोल ही कारणे त्याआधीची आहेत.

नियम ५८ : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करण्यास परवानगी दिली, पण तीन वाटे घालून. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत ३३ टक्के महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, २७ टक्के म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) घरांसाठी व ४० टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरांत हेच प्रमाण ३३, ३४ व ३३. दहा हेक्टरांवर ३३, ३७ व ३०. मोठ्या गिरणीने शहराला अधिक द्यावे, हे यामागचे सूत्र. मालकांनी वाटणी टाळून जुन्या इमारतींतच वापर बदलण्याचा मार्ग धरला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये महामंडळाच्या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला; तो अमलात आला नाही. वेगवेगळ्या आवारांचा मिळून एक सलग मोहल्ला घडवण्याची ती एकमेव गंभीर संधी होती, असे म्हणण्यास जागा आहे.

मार्च २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ ‘मोकळ्या जमिनी’पुरती उरली. पुढील सगळा वाद या दोन शब्दांचा. गिरणीचे शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागा मोकळी मानायची, की दुरुस्तीच्या वेळी ज्या जागेवर काहीच बांधलेले नव्हते तेवढीच? गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, चाळी दाटीने असल्याने दुसऱ्या अर्थाने शहराचा वाटा कितीतरी आक्रसतो. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पहिला अर्थ स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. नगररचनेच्या दृष्टीने मात्र उच्च न्यायालयाचा अर्थच १९९१ च्या मूळ हेतूशी जुळणारा होता.

परिणाम : महामंडळाच्या पाच गिरण्यांचा २००५ मध्ये लिलाव झाला, त्यांतील मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी, तर कोहिनूर क्र. ३ ला ४२१ कोटी रुपये आले. फिनिक्स मिलचे बाजारसंकुल झाले, कमला मिलची कार्यालये. प्रत्येक आवार कुंपणाआड स्वतंत्र वाढले. रस्ते व स्थानके गिरण्यांच्या पाळ्यांच्या काळातलीच राहिली. एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. दादरच्या इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली.

कामगारांची घरे : म्हाडाच्या वाट्याच्या जमिनींवर कामगार व त्यांच्या वारसांसाठी बांधलेल्या घरांची पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली. घरे ६,९२५ होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. अर्ज लाखाच्या पलीकडे गेले होते. पुढे गिरणगावात जमीन पुरेना, तेव्हा २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन येथील घरे आली आणि त्यानंतर मुंबईबाहेरच्याच शेलू व वांगणीचे प्रस्ताव. अनेक कामगार संघटनांनी मुंबईतच घर मिळावे ही मागणी सोडलेली नाही.