पंचाचा निर्णय चुकला तर दाद कुणाकडे, कधी आणि कशी मागायची? सोलापुरातल्या बेसबॉल संघांसाठी माहिती

शालेय स्पर्धांचा मोसम आला की मैदानावर एक प्रसंग हमखास घडतो. फर्स्ट बेसवर निर्णय चुकतो, क्रीडाशिक्षक धावत आत येतात, त्यांच्यामागे निम्मा संघ आणि त्यामागे एखाद-दुसरे पालक. बराच वेळ आरडाओरडा होतो, निर्णय आहे तसाच राहतो आणि "पंच एकमेकांना सांभाळून घेतात की ओ" असं म्हणत सगळे परत फिरतात. एवढ्या गोंधळात नियमाने विचारायला हवा होता तो प्रश्न मात्र कुणीच विचारलेला नसतो. एका पंचाची चूक दुसऱ्या पंचाच्या मदतीने दुरुस्त होऊ शकते आणि तशी तरतूद बेसबॉलच्या नियमपुस्तकात लेखी आहे. ती नियम 8.02 मध्ये आहे. मुलांचं वर्षभराचं कष्ट एका बेसवर अडकलेलं असताना हा नियम पाठ असणं क्रीडाशिक्षकांच्या हातात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कोण विचारू शकतं

फक्त संघाचा मॅनेजर. आपल्याकडे शाळेच्या संघाबरोबर आलेले क्रीडाशिक्षकच मॅनेजर असतात, पण ते लाइनअपच्या, म्हणजे खेळाडू आणि बॅटिंगचा क्रम लिहिलेल्या, कागदावर लिहिलेलं असू द्या. खेळाडू नाही, कर्णधारही नाही, पालक तर नाहीच नाही. क्रिकेटची सवय असल्याने कर्णधार आपणहून पंचाकडे जातो आणि मग "आधी याला मागे घ्या" यातच वेळ संपतो. मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की निर्णय कितीही खटकला तरी जागा सोडायची नाही.

कुणाकडे विचारायचं

निम्मे लोक इथेच अडकतात. ज्या पंचाने निर्णय दिला, फक्त त्याच्याकडेच जायचं. फर्स्ट बेसचा निर्णय बेस पंचाचा असेल तर कॅचरच्या मागे उभ्या असलेल्या प्लेट पंचाकडे जाऊन उपयोग नाही. तो मुख्य पंच असला तरी जोडीदाराचा निर्णय परस्पर फिरवण्याचा अधिकार त्याला नाही. मुख्य पंच अंतिम शब्द देतो तो एका खास परिस्थितीत: एकाच खेळीवर दोन पंचांनी दोन वेगळे निर्णय दिले तर, म्हणजे एकाने सेफचे हात पसरले आणि दुसऱ्याने आऊटची मूठ उचलली तर. तेव्हा तो सगळ्या पंचांना बाजूला घेतो आणि कुणाची जागा बघायला जास्त चांगली होती हे पाहून ठरवतो. त्या चर्चेत मॅनेजरने किंवा खेळाडूने जाऊन उभं राहायचं नसतं.

जोडीदाराने पाहिलं असूनही तो गप्प का?

लोकांचा सगळ्यात जास्त राग यावर असतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

नियमात स्पष्ट लिहिलं आहे की निर्णय देणाऱ्या पंचाने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्या निर्णयावर टीका करायची नाही, तो बदलायला लावायचा नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही. तो गप्प राहतो तेव्हा बहुतेक वेळा नियमच पाळत असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक पंचांच्या मार्गदर्शक पुस्तिकेने यात एक फट ठेवली आहे: निर्णय देणाऱ्याला माहीत नसलेली गोष्ट जोडीदाराला शंभर टक्के माहीत असेल, तर त्याने न विचारताही जवळ जाऊन हळूच सांगावं. तरीही निर्णय बदलायचा की नाही हे ज्याने दिला त्यानेच ठरवायचं. आपल्याकडच्या तरुण पंचांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या सकाळी मैदानावर या" एवढंच सांगायचं आणि मग दोघांनी उभ्या उभ्या सामना चालवावा अशी अपेक्षा ठेवायची, हे चूक आहे. दोन पंचांनी सामन्याआधी थोडा वेळ बसून बेसमनचा पाय बेसवरून सुटला तर कोण बघणार, कसं विचारायचं आणि खूण काय, हे ठरवलं तर अर्ध्या तक्रारी उभ्याच राहणार नाहीत.

पाय सुटण्याचाच प्रसंग घ्या. शॉर्टस्टॉपचा थ्रो जरा बाहेर येतो. फर्स्ट बेसमन पूर्ण ताणून, बोटांच्या टोकावर येऊन चेंडू घेतो. बेस पंचाचा कान चेंडू ग्लव्हमध्ये पडल्याच्या आवाजाकडे आणि नजर रनरच्या पावलाकडे असते, तो आऊट देतो. बेसवर रनर असतील तर हा पंच मैदानाच्या आतल्या बाजूला उभा असतो आणि तिथून फर्स्ट बेसमनची टाच बेसवर आहे की चार बोटं वर, हे दिसणं कठीण. पण प्लेट पंच त्या वेळी फर्स्ट बेसच्या रेषेकडे पुढे आलेला असू शकतो. त्याला ती टाच सरळ दिसते.

आता क्रीडाशिक्षकांनी जाऊन "सर, सेफ होता, सरळ सरळ सेफ होता" म्हटलं, तर तो बेस पंचाच्या नजरेवरचा वाद झाला. सेफ की आऊट, फेअर की फाऊल (चेंडू रेषेच्या आत की बाहेर), बॉल की स्ट्राइक (पिच चुकीची की योग्य) हे पंचाच्या नजरेचे निर्णय अंतिम असतात, त्यावर हरकत घ्यायलाच मनाई आहे. मागणी तिथेच फेटाळली जाते. त्याऐवजी आधी टाइम मागायचा, तो मिळाल्यावर शांतपणे चालत जायचं आणि म्हणायचं: "सर, बेसमनचा पाय सुटला होता असं आम्हाला वाटतं. तुमच्या जोडीदाराला तेवढंच विचाराल का?" तुम्ही त्याची नजर चुकली असं म्हणत नाही, त्याला दिसू न शकलेली एक गोष्ट विचारून घ्यायला सांगता. विचारायचं की नाही हे अजूनही त्याच्याच मर्जीवर आहे. पण जाणता पंच अशी विनंती सहसा मोडत नाही. दोघे खेळाडूंपासून लांब जातात, जोडीदार फक्त त्याने काय पाहिलं ते सांगतो आणि नवा निर्णय पहिलाच पंच जाहीर करतो.

मदतीने काय बदलतं, काय नाही

बेसमनचा पाय सुटणं, टॅग करताना किंवा फोर्सआऊटच्या वेळी चेंडू हातातून निसटणं, फाऊल टिप (बॅटला निसटता लागून कॅचरकडे गेलेला चेंडू) कॅचरने जमिनीवरून उचललेली असणं, कुंपणावरून गेलेला फटका फेअर होता की फाऊल, मधे प्रेक्षकाचा हात लागला का, या गोष्टींवर जोडीदाराची माहिती उपयोगी पडते.

बॉल आणि स्ट्राइक बदलत नाहीत. अपवाद फक्त अर्धवट स्विंगचा. प्लेट पंचाने बॉल दिला आणि तुम्हाला वाटतं बॅट पूर्ण फिरली, तर मॅनेजर किंवा कॅचर बेस पंचाला विचारायला सांगू शकतो आणि इथे प्लेट पंचाला विचारावंच लागतं, नाही म्हणता येत नाही. प्लेट पंचाने स्ट्राइक दिला असेल तर मात्र बॅटिंग संघाला अशी मागणी करता येत नाही. हा एकतर्फी नियम आहे आणि दरवेळी कुणीतरी तो उलटा वाचतो.

जमिनीवरून गेलेल्या चेंडूला एकदा फाऊल म्हटलं की तो फाऊलच धरून चला. ओरडा ऐकून रनर आणि फील्डर दोघेही थांबलेले असतात, पुढे काय झालं असतं हे कोण सांगणार? दुपारपर्यंत आपल्याकडच्या वाऱ्याने आणि पावलांनी फक्कीची रेघ पुसून जाते, त्यामुळे हा वाद सोलापुरात जरा जास्तच होतो. उपाय एकच: इनिंग संपली की रेघ पुन्हा मारून घ्यायला सांगा.

निर्णय बदलला तर रनर कुठे ठेवायचे हे पंच ठरवतात. चुकीच्या निर्णयाचा परिणाम पुसून टाकण्यासाठी लागेल ते करण्याची मुभा त्यांना नियमाने दिली आहे. म्हणून "बदललात ना, मग आमचे दोन्ही रन द्या" असा हट्ट टिकत नाही.

मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवायला जाऊ नका. अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्येसुद्धा 2008 पर्यंत व्हिडिओ बघण्याची सोय नव्हती. तेव्हा ती फक्त होमरनपुरती सुरू झाली आणि 2014 पासून इतर निर्णयांना लागू झाली. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गलारागा परफेक्ट गेमपासून (एकही बॅटर बेसवर पोहोचू न देता पूर्ण सामना) एका आऊटवर होता. फर्स्ट बेसचे पंच जिम जॉइस यांनी शेवटच्या बॅटरला सेफ दिलं, तो स्पष्ट आऊट होता. जॉइस यांनी सामन्यानंतर चूक उघडपणे मान्य केली, तरी लीगच्या आयुक्तांनी निकाल बदलला नाही. नजरेचा निर्णय किती पक्का असतो ते यावरून समजून घ्या. आणि तिथे साध्या सामन्यालाही चार पंच असतात, आपल्याकडे दोन. एकच पंच असेल तर विचारायला जोडीदारच नाही, तेव्हा दुसऱ्या पंचाची मागणी सामना सुरू होण्याआधी करा.

मुदत: पुढचा पिच पडण्याआधी

मुदत चुकल्याने जेवढ्या मागण्या बाद होतात तेवढ्या दुसऱ्या कशाने होत नसतील. पुढचा पिच पडला, म्हणजे पिचरने बॅटरला पुढचा चेंडू टाकला, किंवा पुढची खेळी झाली की दरवाजा बंद. शिक्षक सावलीत बसून बाजूच्या सरांशी बोलत असतात, मुलं "सर, सर" करतात आणि तोवर पिचरने चेंडू टाकलेला असतो. सामना चालू असताना उभं राहायची सवय ठेवा.

फील्डिंग संघाच्या अपीलची मुदतही हीच. रनरने बेस चुकवला किंवा कॅच होण्याआधी बेस सोडला, तर पंचाने ते पाहिलं असलं तरी तो स्वतःहून सांगणार नाही. क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय पंच आऊट देत नाही, तसंच. चुकीच्या क्रमाने बॅटर आला तरी पंच गप्पच राहतो, ते तुम्ही ओळखायचं. हाफ इनिंग (एका संघाची बॅटिंगची पाळी) संपली असेल तर पिचर आणि सगळे इनफिल्डर फेअर भागातून बाहेर पडण्याआधी अपील व्हायला हवं. आपली मुलं तिसरा आऊट झाला की पाण्याच्या बाटल्यांकडे पळत सुटतात आणि हक्क तिथेच संपतो.

सॉफ्टबॉलमधून आलेल्या संघांनी खास लक्ष द्यावं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू डेड, म्हणजे खेळ थांबलेला, असतानाही तोंडी अपील चालतं. बेसबॉलमध्ये नाही. पिचरने चेंडू टाकण्याच्या आपल्या पट्टीवर (पिचर्स प्लेट) उभं राहायचं, पंचाने "प्ले" म्हणायचं, मग पिचरने मागे उतरून त्या बेसवर चेंडू द्यायचा आणि कोणत्या रनरचं अपील आहे ते स्पष्ट सांगायचं. हा थ्रो मैदानाबाहेर गेला तर त्याच रनरवर त्याच बेसचं दुसरं अपील मिळत नाही. सरावात हे करून घ्या. दोन्ही खेळ खेळणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत.

लेखी हरकत आणि कागदपत्रं

पंचाने नियमच चुकीचा लावला, तर गोष्ट वेगळी. 24 जुलै 1983 रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होमरन बॅटवर पाइन टार (पकडीसाठी लावतात तो चिकट पदार्थ) जास्त लावल्याच्या कारणावरून रद्द करून त्याला आऊट दिलं. कॅन्सस सिटीने हरकत नोंदवली, ती लीगच्या अध्यक्षांनी मान्य केली आणि सामना 18 ऑगस्टला त्या होमरनपासून पुढे खेळवला गेला. हा नियमाच्या अर्थाचा वाद होता, म्हणून टिकला. व्यावसायिक नियमपुस्तकातून ही हरकतीची सोय 2020 पासून काढून टाकली आहे. म्हणून तुमच्या स्पर्धेत ती आहे का, शुल्क किती, अर्ज किती वेळात द्यायचा हे स्पर्धेच्या परिपत्रकातच बघावं लागतं. परिपत्रकं अनेकदा "नियमानुसार हरकत घेता येईल" एवढं लिहून मोकळी होतात. शुल्काचा आकडा नाही, अर्ज घेणाऱ्याचं नाव नाही, आणि ऐन वेळी टेबलावरचा माणूस जेवायला गेलेला. मॅनेजरांच्या बैठकीतच हे तिन्ही विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून एसटीने आलेल्या संघांना "उद्या या" ऐकणं परवडत नाही.

हरकत घेत आहात हे त्याच क्षणी, पुढच्या पिचआधी, पंचाला तोंडी सांगायलाच हवं. अर्ज नंतर लिहिता येतो.

सगळ्यात जास्त हाल होतात ते स्कोअरशीटपायी, कारण ती कुणाकडे नसते. हरकत ऐकणारी समिती पहिला प्रश्न विचारते: कितवी इनिंग, किती आऊट, काऊंट (किती बॉल, किती स्ट्राइक) काय, कुठल्या बेसवर कोण, स्कोअर किती? आठवणीवर दोन संघ दोन गोष्टी सांगतात आणि अर्ज निकाली निघतो. न खेळणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला वही देऊन बसवा. प्रत्येक खेळी लिहू द्या आणि हरकत घेतली त्या ओळीसमोर खूण करून अधिकृत स्कोअररच्या कागदावरही तशी नोंद करायला लावा.

लाइनअपच्या जादा प्रती काढा. पंचाकडे राहते तीच अधिकृत, पण तुमच्याकडे तशीच्या तशी प्रत हवी. वहीचं फाडलेलं पान देऊन टाकलं की बॅटिंगच्या क्रमाच्या वादात हातात काही उरत नाही. नियमाच्या त्या पानाची छापील प्रत जवळ असू द्या.

अर्ज शाळेच्या लेटरहेडवर, मॅनेजरच्या सहीने, एका पानाचा असावा. त्यात सामना, इनिंग, परिस्थिती, पंचाने काय निर्णय दिला, कोणता नियम लागायला हवा होता त्याचा क्रमांक आणि पंचाला कधी कळवलं एवढंच लिहा. "पंचांनी पक्षपात केला" असं एक वाक्यही नको. ते आलं की अर्ज नियमाचा राहत नाही, नजरेचा होतो आणि फेटाळायला सोपा जातो. शुल्काची पावती आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर वेळ घालून पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर मैदान सोडण्याआधी तोच अर्ज फोटो काढून स्पर्धा प्रमुखांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.