दोन वक्रांचा स्पर्श

दोन वक्र एका बिंदूत एकमेकांना स्पर्श करतात, तेव्हा दोन अटी एकदम पाळल्या जातात: तो बिंदू दोन्ही वक्रांवर असतो आणि तेथे दोघांची स्पर्शिका एकच असते. य = फ(क्ष) आणि य = ग(क्ष) हे वक्र क्ष = अ येथे स्पर्श करत असतील, तर फ(अ) = ग(अ) आणि फ′(अ) = ग′(अ); येथे फ′ म्हणजे फ चा अवकलज, म्हणजेच वक्राचा चढ. नुसते चढ सारखे येऊन भागत नाही. य = क्ष² आणि य = क्ष² + १ यांचे चढ प्रत्येक क्षसाठी सारखे आहेत, तरी ते कुठेच भेटत नाहीत.

बहुतेक गणितांत स्पर्शबिंदूही शोधायचा असतो. समजा, य = क·क्ष² हा अन्वस्त नैसर्गिक लॉगच्या वक्राला, य = लॉग क्ष याला, स्पर्श करायला हवा. चढ सारखे ठेवून २क·क्ष = १/क्ष, म्हणजेच क·क्ष² = १/२ मिळते. ही डावी बाजू म्हणजेच य; म्हणून लॉग क्ष = १/२, क्ष ≈ १.६४९ आणि क ≈ ०.१८४. चढाचे समीकरण आधी घ्यावे, कारण त्यात लॉग उरत नाही आणि आकडेमोड सुटसुटीत होते.

बैजिक वक्रांसाठी (ज्यांची समीकरणे बहुपदी असतात) दुसरी वाट आहे: एक चल काढून टाकायचे आणि उरलेल्या समीकरणाला दुहेरी मूळ असावे अशी अट घालायची. फ्रेंच गणिती देकार्त यांनी १६३७ मध्ये वक्राचा अभिलंब, म्हणजे स्पर्शिकेला लंब असलेली रेषा, काढण्यासाठी वर्तुळ आणि दुहेरी मूळ यांचाच उपयोग केला. ही रीत देखणी आहे, पण जपून वापरावी. य = क्ष² हा अन्वस्त आणि (०, च) केंद्र व त त्रिज्या असलेले वर्तुळ घ्या. क्ष² च्या जागी य ठेवल्यास य² + (१ − २च)य + च² − त² = ० मिळते; दुहेरी मुळासाठी या वर्गसमीकरणाचा विवेचक शून्य केल्यास च = त² + १/४. त = १ असेल तर च = ५/४, आणि स्पर्श य = ३/४ येथे, डावीउजवीकडे एकेका बिंदूत होतो. पण त = १/४ घेतल्यास य = −३/१६ येतो आणि क्ष वास्तव उरत नाही. उलट, वाटीच्या तळाशी गोळी बसावी तसे हे वर्तुळ च = १/४ असताना शिरोबिंदूत खरोखर स्पर्श करते, आणि विवेचकाला ते दिसतच नाही. क्ष चे दुहेरी मूळ य च्या समीकरणात एकेरी होऊन गेले, हे त्यामागचे कारण. म्हणून मिळालेले उत्तर चढाच्या अटीवर पडताळावेच.

स्पर्शिका उभी असेल तर चढ अनंत होतो आणि वरची अट लिहिता येत नाही. अशा वेळी फ(क्ष, य) = ० आणि ग(क्ष, य) = ० अशी रूपे घेऊन त्यांच्या आंशिक अवकलजांचे (एका वेळी एकच चल बदलून काढलेल्या अवकलजांचे) सदिश समांतर आहेत का ते पाहावे. त्यांपैकी एखादा सदिश शून्य असेल तर ही कसोटी फसते. य² = क्ष³ या वक्राला आरंभबिंदूत टोक आहे; तेथे त्याची स्पर्शिका क्ष-अक्ष असूनही कसोटी य-अक्षालाही पास करते.

वर्तुळांचे प्रकरण सोपे: केंद्रांतील अंतर त्रिज्यांच्या बेरजेइतके असेल तर बाह्यस्पर्श, फरकाइतके असेल तर अंतर्स्पर्श.

स्पर्श म्हणजे ओलांडणे नाही, असा समज आहे. तो चूक आहे. य = क्ष³ आरंभबिंदूत क्ष-अक्षाला स्पर्शही करतो आणि ओलांडतोही. फ − ग चा पहिला न-शून्य अवकलज विषम क्रमाचा असेल तर वक्र एकमेकांना ओलांडतात, सम क्रमाचा असेल तर नाही.

दुसरे अवकलजही जुळले तर वक्रताही, म्हणजे वक्र किती झपाट्याने वळतो तेही, जुळते. रेल्वेमार्गात हा फरक जाणवतो. सरळ रूळ थेट वर्तुळाकार वळणाला जोडला तर स्पर्शिका एकच राहते, पण वक्रता ० वरून एकदम १/त होते (त ही वळणाची त्रिज्या) आणि आडवा धक्का बसतो. म्हणून मध्ये संक्रमण वक्र घालतात; भारतीय रेल्वेवर तो य = क्ष³/(६·त·ल) असा घन अन्वस्त असतो, ल ही त्याची लांबी. क्ष = ० येथे त्याचे पहिले दोन्ही अवकलज शून्य असतात आणि ल अंतरावर वक्रता जवळपास १/त होते.

संगणकावर स्पर्श तपासताना विवेचक नेमका शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नये. साध्या स्पर्शात वक्रांमधले अंतर दहा लाखांत एक भाग इतके जरी चुकले, तरी मूळ हजारात एका भागाच्या पातळीवर सरकते, कारण चूक वर्गमुळाने वाढते.